स्पायवेअर काढले आणि इंटरनेटही बंद पडले? काय तपासावे आणि केव्हा हात लावू नये

विहाराच्या अभ्यासिकेत किंवा मंडळाच्या खोलीत बहुधा एकच संगणक असतो. त्यावर महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, दाखले स्कॅन होतात आणि १४ एप्रिलची पत्रके तयार होतात. चिंचपोकळी, लालबाग, भायखळ्याच्या चाळींत काम करताना एक तक्रार वारंवार कानावर येते. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून किंवा फुकटच्या सॉफ्टवेअरमधून स्पायवेअर शिरते. अँटीव्हायरस ते काढून टाकतो आणि त्याच क्षणापासून इंटरनेट चालत नाही. फॉर्मची मुदत जवळ आलेली असते. दुरुस्ती करणारा सांगतो, "विंडोज नवीन टाकावे लागेल." त्यात पैसे जातात आणि बॅकअप नसेल तर फाइलीही जातात. बऱ्याच वेळा याची गरज नसते.

असे का होते?

स्पायवेअर हे संगणक आणि इंटरनेट यांच्या मध्ये येऊन बसते. आपली माहिती आधी त्याच्या हातातून जाते, मग बाहेर. ते काढल्यावर मधला माणूस जातो, पण "सगळे त्याच्यामार्फत पाठवा" ही सेटिंग मागे राहते. संगणक नसलेल्या माणसाकडे टपाल देत बसतो.

याचे मोठे उदाहरण म्हणजे डीएनएस चेंजर. या प्रोग्रामने शंभराहून अधिक देशांतील सुमारे चाळीस लाख संगणकांची डीएनएस सेटिंग बदलली होती. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. गुन्हेगारांनी लोकांच्या हाती खोटी वही दिली होती. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघड केली. पण खोटे सर्व्हर लगेच बंद केले असते तर लाखो लोकांचे इंटरनेट एकदम तुटले असते. म्हणून त्यांच्या जागी काही महिने योग्य पत्ते देणारे सर्व्हर चालवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. तोवर ज्यांनी सेटिंग सुधारली नव्हती, त्यांचे इंटरनेट अडकले.

क्रमाने काय करावे?

१. त्याच वायफायवर मोबाइल चालतो का, ते पाहा. चालत असेल तर दोष संगणकात आहे. सगळ्याच उपकरणांवर अडचण असेल तर राउटर तपासा. डीएनएस चेंजर राउटरचीही सेटिंग बदलत असे. राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवू नका.

२. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'प्रॉक्सी' उघडा. तिथे हाताने भरलेला प्रॉक्सी चालू असेल आणि तो तुमच्या संस्थेने दिलेला नसेल, तर बंद करा. अनेकदा एवढ्यानेच काम होते.

३. नेटवर्कच्या गुणधर्मांमध्ये डीएनएसचा पत्ता 'आपोआप' घेण्यावर ठेवा. बाकी साइट उघडतात पण अँटीव्हायरसची किंवा बँकेची उघडत नाही, असे असेल तर विंडोजची 'होस्ट्स' ही फाइल जाणकाराकडून तपासून घ्या. स्पायवेअर तिच्यात चुकीचे पत्ते लिहून ठेवते.

४. तरीही चालत नसेल तर विनसॉक बिघडलेले असू शकते. प्रोग्राम इंटरनेटशी बोलतात ते या भागामार्फत. 'कमांड प्रॉम्प्ट' ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'नेटएसएच विनसॉक रीसेट' हे तीन शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये एकेक जागा सोडून टाइप करा. 'नेटएसएच' हा सलग एकच शब्द आहे. एंटर दाबा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

५. शेवटचा उपाय 'नेटवर्क रीसेट'. यात साठवलेले वायफायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवा. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही.

इंटरनेट सुरू झाले की काम संपले असे समजू नका. पुन्हा एकदा पूर्ण स्कॅन करा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर यासाठी मोफत साधने मिळतात. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

केव्हा हात लावू नये?

वरचे सारे सर्वसाधारण स्पायवेअरसाठी आहे. चळवळीतील कार्यकर्त्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांचा संगणक एप्रिल २०१८ मध्ये जप्त झाला. त्यातील माहितीची प्रत बचाव पक्षाला मिळाली आणि अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने ती तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये ईमेलमार्फत नेटवायर हा प्रोग्राम त्या संगणकात शिरला आणि पुढे त्यामार्फत कागदपत्रे पेरली गेली. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. पण एवढे स्पष्ट आहे की, ही तपासणी शक्य झाली ती खुणा डिस्कवर शिल्लक होत्या म्हणून.

म्हणून आपल्यावर मुद्दाम पाळत ठेवली जात आहे अशी शंका असेल, तर घाईने स्कॅन करू नका आणि विंडोज तर नवीन टाकूच नका. इंटरनेटची जोडणी तोडा, संशयास्पद ईमेल जपून ठेवा, स्क्रीनचे फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि वकील व तज्ज्ञाला विचारूनच पुढचे पाऊल टाका.

प्रत्येक अभ्यासिकेत किमान दोन मुलामुलींना हे शिकवून ठेवावे. एका दुपारचे काम आहे. पुढच्या वेळी मुदतीच्या दिवशी संगणक अडला, तर कुणाचा फॉर्म राहून जाणार नाही.