मागे उभा राहणारा सुलेमान

रोजा सोडायला पंधरा-वीस मिनिटं बाकी होती. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि गरम भजी मांडून झाली होती. घरात सगळ्यांच्या नजरा घड्याळाकडे होत्या, फक्त माझा भाचा मान खाली घालून बसला होता. शेवटी बोलला, "मामू, यंदाही मला डिफेन्सलाच टाकलं. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं. माझं काय येणार?"

कोल्हापुरात वाढलेल्या मुलाचं हे दुःख लहान नसतं. इथे फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत. शाहू स्टेडियमवर गोल झाला की तो करणारा खांद्यावर नाचतो. तोच गोल होऊ नये म्हणून नव्वद मिनिटं मागे उभा राहणारा मात्र घरी जाताना गर्दीत कुणाला ओळखूही येत नाही. मी त्याला सुलेमान बांबाची गोष्ट सांगितली.

फ्रेंच धाटणीत त्याचं नाव सुलेमान, इंग्लंडमध्ये सगळे त्याला 'सोल' म्हणायचे. जन्म १३ जानेवारी १९८५, पॅरिसला लागून असलेल्या इव्री-सूर-सेन गावात. आई-वडील मूळचे आयव्हरी कोस्टचे. पॅरिस सेंट जर्मेन या मोठ्या क्लबात तो घडला, पण पहिल्या संघातून जेमतेम एक-दोन वेळाच मैदानात उतरला. मग २००६ मध्ये त्यानं बोचकं उचललं आणि स्कॉटलंडमधल्या डनफर्मलाइन या छोट्या क्लबात गेला. पहिल्याच हंगामात क्लब स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला, सेल्टिककडून हरला आणि त्याच वर्षी खालच्या विभागात घसरलाही.

पुढचा प्रवास पाहिला की एसटीचा लांबचा मार्ग आठवतो. एडिंबराचं हिबर्नियन, इंग्लंडमधलं लेस्टर, तुर्कस्तानचं ट्रॅब्झोनस्पोर, इटलीचं पालेर्मो, पुन्हा इंग्लंडमध्ये लीड्स, वेल्समधलं कार्डिफ आणि शेवटी मिडल्सब्रो. नऊ क्लब, सहा देश. लेस्टरकडून पहिल्याच सामन्यात, जानेवारी २०११ मध्ये, मँचेस्टर सिटीविरुद्ध पहिल्या मिनिटातच त्यानं गोल केला. पालेर्मोत मात्र बहुतेक वेळ बाकावर गेला. लीड्सनं त्याला कर्णधार केलं आणि २०१६ मध्ये करार संपवून मोकळंही केलं. फिरस्त्या खेळाडूचं असंच असतं. प्रत्येक गावात नवी भाषा, नवं घर, नवा प्रशिक्षक. आणि आपण उपयोगाचे आहोत, हे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सिद्ध करायचं.

देशाकडूनही तो खेळला. २०१२ च्या आफ्रिका चषकात आयव्हरी कोस्टनं अंतिम सामन्यासह पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. बचावपटूसाठी याहून मोठी कमाई कुठली? तरीही चषक मिळाला नाही. झांबियाविरुद्धचा अंतिम सामना शून्य-शून्य सुटला आणि पेनल्टीत ७-८ नं हातचा गेला. दोन वर्षांनी ब्राझीलच्या विश्वचषकात ग्रीसनं अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल करून त्यांना बाहेर काढलं.

कार्डिफमध्ये मात्र त्याचे पाय रुजले. नील वॉरनॉक या जुन्याजाणत्या प्रशिक्षकानं ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला घेतलं आणि २०१८ मध्ये कार्डिफ वरच्या विभागात गेलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सुलेमान पहिल्यांदा खेळला तो वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. एवढ्या वयात अनेक जण बूट खुंटीला टांगतात. त्याच हंगामात ब्रायटनविरुद्ध अगदी अखेरीस विजयी गोल त्यानंच केला. पुढे मार्च २०१९ मध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, तरी तो परत आला.

आणि मग जानेवारी २०२१. नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या लसिका पेशींचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. केमोथेरपी सुरू झाली.

त्या वर्षी रमजान एप्रिलच्या मध्याला लागला. करोनामुळे इंग्लंडमधली मैदानं प्रेक्षकांविना ओस होती. २६ एप्रिलच्या संध्याकाळी सुलेमानच्या जुन्या क्लबाचा, लेस्टरचा, क्रिस्टल पॅलेसशी सामना होता. लेस्टरचा तरुण बचावपटू वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेखू कुयाते दोघेही रोज्यानं होते. सूर्यास्त झाला तेव्हा अर्ध्या तासाचा खेळ झाला होता. पॅलेसचा गोलरक्षक ग्वाइता यानं गोल किक मारायची थांबवली, तेवढ्यात दोघांनी रोजा सोडला. दोन्ही कर्णधारांचं हे आधीच ठरलं होतं. नंतर फोफानानं सगळ्यांचे जाहीर आभार मानले. आपल्याकडे मगरिबच्या अजानीच्या वेळी शेजारचे काका गाणं बारीक करतात ना, तेवढीच साधी ही गोष्ट, पण जगभर तिची बातमी झाली.

त्याच रमजानात, ८ मे रोजी, कार्डिफचा हंगामातला शेवटचा सामना रॉदरहॅमविरुद्ध झाला. शेवटचा अश्रा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, सुरू होता. सामना संपत आला असताना बदली खेळाडू म्हणून सुलेमान मैदानात उतरला. टाळ्या वाजवायला प्रेक्षक नव्हते. तो जेमतेम काही क्षण खेळला. त्याच महिन्यात तो कर्करोगमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पुढे मिडल्सब्रोत वॉरनॉकनी त्याला पुन्हा जवळ केलं. नंतर तो प्रशिक्षणाकडे वळला आणि २०२४ मध्ये तुर्कस्तानातल्या अदानास्पोरचा प्रशिक्षक झाला. तिथेच एका सामन्याआधी त्याची तब्येत बिघडली आणि ३१ ऑगस्ट २०२४ रोजी तो गेला. वय अवघं एकोणचाळीस.

भाचा गप्प होता. त्याला काय सांगावं, याचा मीही विचार करत होतो. रमजानला सब्रचा महिना म्हणतात. सब्रचा अर्थ आपण 'सहन करणं' एवढाच घेतो. पण दिवसभर समोर पाणी असून हात न लावणारा माणूस नुसता सहन करत नसतो, तो पहारा देत असतो. बचावपटूचंही तसंच असतं. त्याचं चांगलं काम म्हणजे काहीतरी न घडणं. जे घडलंच नाही, त्याचा फोटो कसा निघणार? आपल्या घरांतही अशी माणसं असतात. पहाटे सगळ्यांआधी उठून सहेरी रांधणारी आई असते, रात्रपाळीचा वॉचमन असतो, वॉर्डातली नर्स असते.

"मामू, त्यानं चेंडू अडवले किती?" भाच्यानं विचारलं.

"ते कुणाच्या लक्षात राहत नाही रे."

अजान झाली. त्यानं खजुराची ताटली उचलली, आधी नानीसमोर धरली, मग एकेकाला देत शेवटी स्वतः घेतला. रोजा सोडून नमाजला निघताना दारात त्यानं बूट पाहिले. डाव्या बुटाचा तळ सुटला होता. "उद्या सकाळी मोच्याकडे टाकून दे," तो म्हणाला, "चारला प्रॅक्टिस आहे."