सकाळी रिकामी ऑटो

पहाटे पाच. गल्लीतून घाटाकडे निघालेली माणसं 'नर्मदे हर' म्हणतात आणि ओ मिळेपर्यंत म्हणत राहतात. आई दूध तापवता तापवता आतूनच ओ देते. गजर लावायची गरजच उरत नाही.

साडेसहा. माघातली थंडी. ओट्यावर नर्मदा परिक्रमेतले एक काका-काकू टेकलेले, बोली सांगलीकडची. ओंकारेश्वराहून निघून दक्षिण तटानं समुद्र गाठला, तिथून वळून उत्तर तटानं इथवर आले. अजून अमरकंटक बाकी. नदी कायम उजव्या हाताला. काकूंना पलीकडचा गुरुद्वारा बघायचाय, नाव पाच-दहा मिनिटांत पोचवते, पण परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही. "लांबूनच नमस्कार," म्हणत त्या चहा फुंकतात. मग तो प्रश्न येतोच: "तुम्ही मराठी माणसं इकडं कशी?" पणजोबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत चिकटले, तेव्हापासून. ती फॅक्टरी १९०४ची.

साडेनऊ. शहरातून स्नानाला आलेल्यांना उतरवून ऑटो रिकाम्या परत जातात, त्यामुळे मला खिडकी मिळते. ग्वारीघाटात राहण्याचा एवढा एक फायदा कुणी सांगत नाही. रामपूर, शक्तिभवन, मग "छोटी लाइन फाटकवाले उतरो!" छोटी लाइन म्हणजे गोंदियाची नॅरोगेज. आमची आजी गोंदियाची. माहेरपण संपवून त्याच गाडीनं लोणच्याच्या बरण्या मांडीवर घेऊन यायची. आमच्या बाजूची ती गाडी २०१५मध्ये थांबली, आता ब्रॉडगेज आहे. फाटकाचं नाव मात्र कुणी बदललेलं नाही, ऑटोवाल्यांनी बदलू दिलं नसतं.

साडेदहा ते पाच हायकोर्ट. १९५६मध्ये नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळनं नेली, हायकोर्ट जबलपूरला आलं. जबलपूरकर अजून हा हिशेब काढून बसतात. माझ्या वाट्याला आज पुढची तारीख आली.

साडेपाच. आता सगळं उलटं. आरतीला निघालेलं अख्खं शहर माझ्याच ऑटोत. "दीदी, ज़रा खिसकना," म्हणत चौथी बाई तिघींच्या सीटवर बसते. मी भाजी रामपूरलाच घेऊन ठेवते. पुढे घाटाजवळ भाव पाहुण्यांचे.

सात. घंटा, शंख, लाउडस्पीकर. पुण्याचे नातेवाईक आले की मी आरतीला जाते, एरवी नाही. एरवी घराच्या फाटकासमोर कुणीतरी गाडी लावून गेलेलं असतं, त्याची वाट बघते. आज पांढरी कार. मालक आठला उगवले, हातात प्रसाद, चेहऱ्यावर इतकी शांती की भांडायला तोंड उघडेना. "पार्किंग उधर है, भाईसाहब," एवढंच म्हटलं. त्यांनी मला पेढा दिला.

नऊ. गर्दी ओसरली की घाट आमचा. आई शेजारच्या काकूंना घेऊन पायऱ्यांवर जाते. मी घरीच, कोर्टाची उद्याची कॉज लिस्ट आलीय. नंबर वरचा आहे, म्हणजे नऊचीच ऑटो धरायला हवी.