मानेला चीर का गेली?

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलं की आधी आवाज येतो, मग दुकान दिसतं. एका पक्ष्याला आपण तांबट म्हणतो ते या टुकटुकीमुळेच. त्या दिवशी मात्र कारागीर ठोकत नव्हते. मांडीवर कळशी आडवी घेऊन तिच्या मानेवरून अंगठ्याचं नख फिरवत होते. काठापासून खाली पेराएवढी चीर गेली होती, केसासारखी; उजेडाकडे धरल्यावरच दिसणारी.

"पत्रा वाईट निघाला का?" मी विचारलं.

"पत्र्याला बोल लावणं सोपं असतं. पोरानं घाई केली. अजून एक ताव द्यायला हवा होता."

त्यांनी कोपऱ्यातली तांब्याची बोटभर पट्टी भट्टीत धरली. लाल होताच पाण्यात टाकली. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं. वर आलेला काळा पापुद्रा तेवढा सुटतो. पट्टी माझ्या हातात दिली. दोन बोटांनी वाकली, गार पोळीसारखी. "आता सरळ करा." केली, तर वाकलेली जागा तशीच राहिली आणि शेजारी नवा बाक आला. एकदा वाकली तिथे पट्टी कडक झाली होती. धातूच्या कणांच्या सरकण्याच्या वाटा एकमेकींत गुंततात, म्हणून असं होतं. ताव दिला की गुंता सुटतो.

कळशीची मान आवळताना मोठ्या घेरातलं तांबं लहान घेरात दाटवायचं असतं. घावागणिक ते ताठर होत जातं. कुठे थांबायचं हे कान सांगतो: मऊ पत्रा 'बद' बोलतो, कडक झाला की 'टण', आणि हातोडा हातात उसळायला लागतो. पोरानं 'टण' ऐकलं होतं, पण एवढ्यात होईल म्हणून रेटलं.

चिरलेली मान बघून मला एनसीसीच्या शिबिरातल्या काडतुसांच्या पुंगळ्या आठवल्या. गोळीबार संपला की त्या मोजून परत द्याव्या लागत. काडतुसाची पुंगळी पितळेची, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पुष्कळ लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक असते. ती घाण नव्हे, तावाची खूण. झाडताना पुंगळी फुगून नळीला चिकटते. काही देशांत हौशी नेमबाज ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात आणि भरतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.) दरवेळी पितळ कडक होतं. मग साच्यातून काढल्यावर मान थोडी परत उघडते, गोळी सारखी धरत नाही, आणि एक दिवस चीर जाते. इलाजही तोच, पण फक्त मानेला. बूड मऊ झालं तर स्फोटाचा दाब कोण सोसणार?

घावाशिवायही चीर जाते. इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतली काडतुसं पावसाळ्यात पागेत ठेवलेली असत आणि आपोआप तडकत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत घडवताना राहून गेलेला ताण. त्यातला दुसरा भाग तांबटाला न शिकवता कळतो.

"मग शेवटचा ताव कधी?" मी विचारलं.

"मठारायच्या आधी. नंतर नाही." मठारकामाचे, म्हणजे शेवटी हातोड्यानं ठोकून उमटवलेले, ते देखणे चट्टे मी आजवर नक्षीच समजत होतो. ते कळशीच्या अंगाला बळ देतात. त्यानंतर विस्तव दाखवला तर भरलेली कळशी उचलताना पिचेल.

चिरलेली कळशी मोडीत टाकायची ठरवली असेल असं मला वाटलं. पण त्यांनी कातरीनं चिरेखालून काठ गोल कापून काढला. आखूड मानेची, चमत्कारिक दिसणारी कळशी पोरानं चिमट्यानं भट्टीत धरली.

"लाल झाली," पोरगा म्हणाला.

"सगळीकडून?"

त्यानं ती न बोलता पुन्हा आत फिरवली.