गरी कुठे टाकायची? खारेपाटणच्या नदीतली माझी आवडती जागा

अमेरिकेत गरवणारे ‘स्मॉलमाउथ बास’च्या मागे वेडे असतात. हा मासा राहतो खडकाळ तळाच्या, थंड वाहत्या नदीत, धोंड्याच्या आडोशाला. आपल्याकडे तो नाही. पण आपली तांबोशी काही कमी नाही!

विजयदुर्गची खाडी आत शिरत शिरत पार खारेपाटणपर्यंत येते. पूर्वी गलबतंही इथवर यायची. वरून शुक नदीचं गोडं पाणी, खालून भरतीचं खारं. जिथे ही दोन पाण्यं भेटतात, तीच माझी जागा.

तांबोशीची अंडी समुद्रात, पण पिल्लं खाडीत, नदीत वाढतात. मोठी होईपर्यंत खडकांच्या कपारी आणि कांदळाची मुळं हेच त्यांचं घर. चोणकही (मुंबईकडचा जिताडा) तसाच दबा धरून बसतो. गंमत म्हणजे चोणक आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो!

जागा ओळखायची कशी? धारेत धोंडा बघा. वरच्या अंगाला पाणी फुटतं, मागे संथ भोवरा फिरतो. मासा त्या संथ पाण्यात, तोंड धारेकडे. जिवंत कोळंबी धारेत सोडा, ती वाहत त्याच्या तोंडापुढे जाऊ दे.

वेळ सुकती (ओहोटी) लागतानाची. भांगाच्या मंद भरतीपेक्षा उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त खेळतं.

दोन गोष्टी पाळा: पावसात नदी फुगली की काठाला जाऊ नका. आणि लहान तांबोशी लागली तर ओल्या हाताने सोडून द्या.

तुमची जागा कुठली?

#गरी #खारेपाटण #तांबोशी