वस्तूंचा स्वभाव ओळखा

घनता, द्रवणांक, उत्कलनांक, बाष्पीभवन. शाळेतली मुले हे शब्द घडाघडा म्हणतात. पण हेच गुणधर्म घरी शेगडीपाशी रोज कामाला येतात, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. आम्ही वर्गात पुस्तक शिकवतो. उरलेला अर्धा धडा घराने द्यायचा असतो. वसईजवळच्या आमच्या गिरीजमधले कोणतेही स्वयंपाकघर त्यासाठी पुरेसे आहे.

मीठ आणि ओल

वसई परिसरातली मिठागरे जुनी. समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत उन्हाने आटते आणि मीठ मागे उरते. तेच मीठ पावसाळ्यात बरणीत पाणी सोडते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल ओढून घेते. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते त्याआधीच ओलावते. ओलीमुळे मिठातले आयोडीनही कमी होते. बरणी घट्ट झाकणाची हवी आणि शेगडीच्या वाफेपासून दूर हवी.

माठाचा गारवा

माठाच्या बारीक छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असली की हे झपाट्याने होते. म्हणून उन्हाळ्यात सोलापूर-जालन्याकडे माठ जितका गार होतो, तितका आमच्या दमट किनाऱ्यावर होत नाही. यात कुंभाराचा दोष नाही. मात्र बाहेरून तेलरंग दिलेला शोभेचा माठ घेऊ नये. छिद्रे बुजली की गारवा गेला.

कल्हई

चिंच, आमसूल, दही असे आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकतात, त्यात तांबे उतरते. म्हणून देगेला आतून कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हई हवी. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. कथील २३२ अंशांनाच. रिकामे पातेले मोठ्या आचेवर राहिले की कल्हई वितळून जाते. आतून तांबूस किंवा पिवळे दिसू लागले, तर कल्हई होईपर्यंत त्यात अन्न शिजवू नये.

तेल, पाणी आणि गॅस

इफ्तारची वेळ जवळ आलेली, भज्यांची घाई, आणि कढईतले तेल पेटले, तर हात पहिल्यांदा पाण्याकडे जातो. हाच घात आहे. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते. तिथे तेल १०० अंशांपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. पाण्याची क्षणात वाफ होते, ती हजार पटींहून जास्त फुगते आणि पेटते तेल चहूकडे उडवते. गॅस बंद करा, कढईवर धातूचे झाकण सरकवा आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलू नका.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. विजेचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा.

हे केवळ अम्मीने आणि मुलींनी शिकायचे नाही. अब्बांनी आणि मुलांनीही शिकायचे आहे. काचेच्या पेल्यात थोडे थंड तेल घ्या आणि मुलांसमोर त्यावर चमचाभर पाणी सोडा. पाणी तळाला जाताना त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, की पेटत्या कढईवर पाणी का ओतायचे नाही हे त्यांना वेगळे पाठ करावे लागणार नाही.