सुरतेची श्रीमंती आणि नवागामचा कामगार

एखाद्या देशाचा व्यापार-उदीम सुदृढ आहे की दुबळा, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी व मंत्र्यांनी सोडवावयाचा आहे, शेतकऱ्याच्या घरी त्याचे काय काम, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. परंतु ज्या घरातील मुलगा पोटासाठी सुरतेला गेला आहे, त्या घराची चूलच या प्रश्नावर अवलंबून असते. मुलगा दरमहा पैसे धाडतो तोवर सारे ठीक चालले आहे असे आपण समजतो. एके दिवशी तो वळकटी घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा धंदा बसला असे आपणास कळते. मधल्या काळात काय घडले, हे ना त्याला नीट सांगता येते, ना आपणास नीट विचारता येते. ते समजून घेण्याचा यत्न आज आपण करू या.

सुरत शहरात, उधना जंक्शनच्या पलीकडे, डिंडोलीला लागून नवागाम वसले आहे. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे नवागाम, डिंडोली, लिंबायत आणि उधना या पट्ट्यात राहतात. तेथील गल्ल्यांतून अहिराणी कानी पडते, श्रावणात कानबाईचा उत्सव होतो, आणि सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते. तापी नदी ज्या दिशेने समुद्राकडे जाते, त्याच दिशेने ही माणसे गेली. १९०० च्या सुमारास उधना-जळगाव लोहमार्ग पूर्ण झाला आणि खानदेश सुरतेस जोडला गेला. याच मार्गावरील नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. रोजगारासाठी निघालेल्या माणसास ती सीमारेषा कधी अडवीत नाही. मात्र ती ओलांडल्यावर त्याला कोणत्या व्यापारी जगात उभे राहावयाचे आहे, याची जाणीव त्याला क्वचितच असते.

बळ कशात आहे?

आपल्या आठवडी बाजारात दोन-चारशे रुपयांना मिळणारी झुळझुळीत साडी बहुधा सुरतेची असते. तिचा प्रवास पाहिला म्हणजे या नगरीचे बळ ध्यानात येते. हजिऱ्यासारख्या ठिकाणी मोठ्या कारखान्यांत कृत्रिम धागा तयार होतो. त्यास पीळ देणारा निराळा, यंत्रमागावर त्याचे कोरे कापड विणणारा निराळा. पांडेसऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील गिरण्यांत त्या कापडाची रंगाई व छपाई होते. मग रिंग रोडच्या बाजारातील व्यापारी ते घेतो. कोणी त्यावर भरतकाम करतो, कोणी लेस वा टिकल्या लावतो, कोणी घडी घालून गठ्ठे बांधतो, आणि ते गठ्ठे देशाच्या कानाकोपऱ्यात रवाना होतात.

हे सारे एका मालकाच्या एका छताखाली होत नाही. ते शेकडो लहान-मोठ्या मालकांच्या हातून होते. म्हणून बेताचे भांडवल असलेल्या माणसासही आठ-दहा माग टाकून या साखळीत शिरता येते. गिऱ्हाइकाची आवड बदलली की नवा माल थोडक्या दिवसांत बाजारात येतो. या साखळीचे वंगण म्हणजे विश्वास. दलालाच्या शब्दावर लाखोंचा माल उधारीने दिला जातो. पेढी, शब्द व ओळख यांवर चालणारा हा व्यवहार आपल्या देशाची जुनी पुंजी आहे. ती कोणत्याही परक्या देशाकडून उसनी आणावी लागत नाही.

दुसरे बळ आहे पडून पुन्हा उठण्याचे. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून पळाले. काही देशांनी भारताकडे येणारी विमाने बंद केली. तुंबलेली गटारे व साचलेला कचरा यांची किंमत साऱ्या देशाच्या व्यापारास मोजावी लागली. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रस्त्यावर उभे केले, झाडलोट व कचरा उचलणे नियमित केले, आणि १९९६ मध्ये इन्टॅक या संस्थेने सुरतेस चंडीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर तिला पहिला क्रमांक मिळाला. आमच्या देशात हे होणे नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावे. माणसे तीच होती, शहर तेच होते. शासन जागे झाले आणि रूप पालटले.

दुबळेपणा कशात आहे?

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. येथील वीरजी व्होरा हा व्यापारी इंग्रज कंपनीस कर्ज देत असे. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या नगरीवर छापा घातला, तेव्हा कापुचिन मिशनरी फादर अँब्रोझ यांच्या निवासास धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने नमूद केले आहे. एवढी संपन्न नगरी पुढे का खालावली? इंग्रजांनी १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले, तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला, आणि अठराव्या शतकात ज्या मोगल, इराणी व तुर्की राज्यांच्या बळावर हा व्यापार चालत होता ती राज्ये खिळखिळी झाली. तात्पर्य, संपत्ती सुरतेत होती, पण तिचे मूळ दूर होते.

आजही तो धोका टळलेला नाही. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना भारतात, आणि त्यांतील बहुतेकांना सुरतेत पैलू पाडले जातात. १७ डिसेंबर २०२३ रोजी तेथे सुरत डायमंड बोर्स या प्रचंड इमारतीचे उद्घाटन झाले. परंतु कच्चा हिरा परदेशातून येतो आणि घासलेला हिरा बहुतांशी परदेशातच विकला जातो. २००८ मध्ये अमेरिकेत मंदी आली, तेव्हा सुरतेतील हजारो कारागिरांचे काम गेले. रशियन हिऱ्यांवर २०२४ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांनी निर्बंध घातले. प्रयोगशाळेत बनविलेल्या स्वस्त हिऱ्यांनी खाणीतील हिऱ्यांचे भाव पाडले. त्यातच २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत चढविली. दूर वॉशिंग्टनमध्ये निर्णय झाला आणि त्याची झळ वराछाच्या कारखान्यांना लागली.

दुसरी उणीव आहे नियमांतील उलथापालथीची. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. ज्या व्यापारात पगार व उसनवारी रोखीने चाले, तो काही काळ थिजला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी दीर्घकाळ दुकाने बंद ठेवली. त्या वेळी कृत्रिम धाग्यावर कर १८ टक्के होता व कापडावर ५ टक्के. म्हणजे विणकर कच्च्या मालावर जास्त कर भरी आणि तयार मालावरील कर कमी असल्याने त्याची पूर्ण वजावट होत नसे; मधली रक्कम अडकून पडे. धाग्यावरील कर पुढे १२ टक्के झाला आणि २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली हे चांगलेच झाले. परंतु त्या आठ वर्षांत किती लहान मालकांचे माग भंगारात गेले असतील, याचा विचार मनास चटका लावतो.

तिसरी उणीव माझ्या मते सर्वांत मोठी आहे. ही सारी साखळी ज्याच्या हातावर चालते, त्या कामगाराजवळ बहुधा कागदाचा एक चिटोराही नसतो. यंत्रमागावरील कारागिरास मीटरमागे मजुरी मिळते. बारा तासांची पाळी नेहमीची. माग चालला तर दाम, थांबला तर काहीच नाही. व्यापाऱ्याने विणकर मालकाचे पैसे थकविले तर मालक माग बंद करतो आणि तोटा सरकत सरकत शेवटच्या माणसावर येऊन थांबतो. एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद लागू झाली की, लहान उत्पादकाचे देणे फार तर ४५ दिवसांत न चुकविणाऱ्या व्यापाऱ्यास ते देणे चुकविले जाईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळू नये. लहान मालकाच्या पाठीशी कायदा उभा राहिला, हे योग्यच झाले. कामगारासाठीही कायदे आहेत. पण आपण तेथे काम करतो हे ज्याला सिद्धच करता येत नाही, त्याने कोणत्या कायद्याचा दरवाजा ठोठवावा?

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली, तेव्हा ही गोष्ट साऱ्या देशाने पाहिली. एप्रिल महिन्यात सुरतेचे कामगार आम्हाला गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले. श्रमिकांना घरी नेणारी पहिली खास आगगाडी देशात सुटली ती १ मे रोजी, म्हणजे कामगार संत योसेफाच्या सणाच्या दिवशी. ज्यांच्या श्रमावर नगरे उभी राहिली, त्यांना त्या नगरांत दोन महिने तग धरता येऊ नये, याहून मोठी उणीव कोणत्या ताळेबंदात दाखवावयाची?

माप कोणते लावावे?

जागतिक बँक अनेक वर्षे एक अहवाल काढीत असे. कोणत्या देशात धंदा करणे किती सुलभ आहे, याचे क्रमांक त्यात असत. २०१५ च्या अहवालात भारत १४२ वा होता, तो २०२० च्या अहवालात ६३ वा झाला. आपल्याकडे त्याचा मोठा गौरव झाला. परंतु भारतासाठी त्या अहवालात केवळ मुंबई व दिल्ली ही दोन शहरे तपासली जात; सुरत त्यात नव्हती, मग नवागाम कोठून असणार? पुढे त्या अहवालांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यामुळे २०२१ च्या सप्टेंबरात बँकेने तो अहवालच बंद केला. परवाना किती दिवसांत मिळतो हे मोजणे अगत्याचे आहेच. मात्र धंदा कोसळला असता कोणाचे घर कोसळते, हे त्या मापाने कळत नव्हते.

पवित्र ख्रिस्तसभेने याहून निराळे माप आपल्या हाती दिले आहे. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात शिकविले की, कामगार गरजेपोटी कमी मजुरीस कबूल झाला म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. तिच्यावर त्याचा काटकसरीने निर्वाह झाला पाहिजे. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात शेती मागे पडते व माणसे गाव सोडतात या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव धारण केले, तेही तेराव्या लिओंच्या या शिकवणुकीचे स्मरण ठेवून. प्रभूच्या दाखल्यातील दोन घरे आपणास ठाऊक आहेत. ऊन असताना वाळूवरचे घर आणि खडकावरचे घर सारखेच दिसते; पाऊस आला, पूर आला की दोहोंतील अंतर कळते. देशाच्या व्यापारासही तीच कसोटी लावली पाहिजे.

आपण काय करावे?

मुलाला सुरतेस धाडू नये, असे मी म्हणत नाही. कोरडवाहू शेतीवर चार भावांचे भागत नाही, हे मी जाणतो. परंतु तो जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. नेमणुकीचा कागद मिळणार आहे काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे अमलात आले असून त्यांत नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. दुसरा प्रश्न, राज्य कामगार विम्यात नाव घातले जाईल काय? ज्या कारखान्यात दहा वा अधिक कामगार आहेत, तेथे २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्यास हा विमा लागू होतो. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो व मालक सव्वातीन टक्के भरतो. ठराविक काळ वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. तिसरा प्रश्न, माग दोन महिने थांबला तर काय? ई-श्रमची नोंदणी विनामूल्य आहे, शिधापत्रिकेवर परराज्यातही धान्य मिळते, आणि वर्षास २० रुपये भरून बँकेतून दोन लाखांचा अपघात विमा घेता येतो. हे निघण्यापूर्वीच करून घ्यावे. गावी आलेल्या पैशातील काही भाग मंदीसाठी बाजूला ठेवावा. तो सारा लग्नाच्या मांडवात खर्चू नये.

आणि आपल्यापैकी जे सुरतेत जाऊन मुकादम झाले, चार माग घेऊन मालक झाले, त्यांना एक शब्द सांगावासा वाटतो. नवा मुलगा तुमच्या ओळखीने, तुमच्या शब्दावर विश्वासून येतो. अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो, असे संत याकोबाने बजावले आहे. बाजार पडला म्हणून सर्वप्रथम त्याचीच मजुरी रोखू नका. त्याचे नाव वहीत व विम्यात घाला. नवापूरपासून नवागामपर्यंत ज्याच्या बळावर ही साखळी चालते, त्या शेवटच्या माणसास बळकट करणे म्हणजे देशाचा व्यापार खडकावर उभा करणे होय.