एकशेसाठ फुटांतला रविवार

रविवार आम्हा कष्टकऱ्यांच्या घरी आपोआप चालत आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसे सातही दिवस राबत होती, तेव्हा महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवार मिळाला. म्हणून रविवारच्या मौजेची गोष्ट निघाली की पहिला मान लोखंड्यांचा.

ही सुट्टी आमच्या आईबापांनी घालवली ती चाळीच्या खोलीत. ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी उभ्या केल्या. त्याच या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची एक खोली, संडास सगळ्या मजल्याचे मिळून. आमच्यापैकी कितीतरी जणांनी जगात डोळे उघडले ते अशा खोलीत. खुद्द बाबासाहेबांचा आणि रमाईंचा संसार परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन लहान खोल्यांतच झाला. दादरच्या ‘राजगृहा’त ते राहायला गेले १९३४ मध्ये.

मोरी, फळी आणि वळकटी

त्या घरातले काय आठवते? कोपऱ्यातली मोरी आणि पाण्याने भरलेले पिंप. भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले पितळेचे डबे, आईने चिंचेने घासून लख्ख केलेले. त्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. स्टोव्हची घरघर आणि रॉकेलचा वास. रात्री वळकट्या सुटल्या की पाय ठेवायला जागा नसे. थोरली मुले गॅलरीत झोपत. गावाहून पाहुणा आला तर तोही त्यातच सामावे. जागा नाही असे कोणी म्हणत नसे.

रविवारी या खोलीचा नूरच पालटे. वडील पाळीवर नसत, हीच मुलांची मोठी चैन. त्यांच्याबरोबर बाजारात जायचे, पिशवी आपण धरायची. आणायचे किती, तर अर्धा किलो मटण. खाणारी तोंडे आठ-दहा. मग बटाटे टाकून रस्सा वाढवायचा. दुपारी बारा वाजता मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाटणाचा वास सुटे. शेजारच्या काकूंकडे वाटीभर रस्सा जाई, त्यांच्याकडून सुक्या बोंबलांची चटणी येई. रस्सा पातळ होता खरा, पण त्याची सर आजच्या हॉटेलातल्या ताटाला येत नाही.

सकाळी विहारात वंदना, दुपारी गॅलरीत कॅरम. संध्याकाळी ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग. दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागे. पुढे मुले, मागे बायका, दारात पुरुष.

सगळेच गोड नव्हते

आठवणींना नुसताच गुळाचा पाक लावणे बरे नव्हे. नळावर भांडणे होत, संडासाला रांगा लागत. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत दंगल पेटली, तेव्हा अनेक घरांनी रात्री जागून काढल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मग घरात रोजच रविवार झाला आणि रविवारची गोडीच गेली.

आणखी एक गोष्ट. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी आईपर्यंत कधी पोहोचली? आठवड्याचे कपडे, गोधड्या, मुलांच्या न्हाण्या, पाट्यावरचे वाटण, सारे रविवारीच. आमच्या मौजेचा दिवस हा तिच्या दुप्पट कामाचा दिवस होता. सर्वांच्या शेवटी ती जेवायला बसे, तेव्हा पातेल्यात बटाटाच उरलेला असे. हे आम्हाला त्या वयात दिसले नाही, आज दिसते.

नव्या घरात जाताना

आता त्या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास, स्वतंत्र स्वयंपाकघर, मुलांच्या अभ्यासाला जागा. याचा आनंद मानलाच पाहिजे. गरिबीच्या खोलीचे गोडवे गाऊन कोणी चांगले घर नाकारू नये.

मात्र नव्या घरात दार बंद असते. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रविवारी एकदा तरी शेजारच्या दाराची बेल वाजवा, हातात वाटी असू द्या. आजी-आजोबांना त्यांच्या पहिल्या घराविषयी विचारा आणि नातवंडांकडून ते वहीत लिहून घ्या. आपल्या माणसांचा इतिहास आपण नाही लिहिला तर कोण लिहिणार? आणि महिन्यातला एक रविवार तरी पुरुषांनी वाटण वाटावे, भांडी घासावीत, आईला पहिल्या पंगतीत बसवावे. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी तेव्हाच घराघरांत पुरती पोहोचेल.